बारीचे शेवटचे चार सेकंद

"ही नेली तर माझी पाखरं कोन हाकलनार? तुझा बाप?" सोमाजीनं विचारलं.

"बापासाठीच आलोय, काका," आदेश म्हणाला.

डिंभ्याच्या अलीकडं, सोमाजीच्या ज्वारीत पाखरांना भिववायला जुन्या सीड्या टांगल्या होत्या. वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या, औंदा बाहेर निघालेल्या. त्यातल्या एकीवर निळ्या पेनानं लिहिलं होतं : 'पहिली बारी, १४ जून २००६'.

बैलगाड्याच्या शर्यतीचा हा गेम कळंबच्या गोरख सरांनी आपल्या कॉम्प्युटर क्लासात बनवला आणि शंभरेक सीड्या भरून विकल्या. सर कोरोनात गेले. त्यांचा कॉम्प्युटर त्याआधीच भंगारात गेला होता. आदेश कळंबला प्रिंटर दुरुस्त करायचा आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या गेमच्या खराब सीड्या वाचवायचा. दोनेकशे वाचवल्या. पण तो सगळा उद्योग सुरू झाला होता या एकीपायी. या गेममध्ये बारी, म्हणजे गाड्याची एकेक धाव, पुकारणारा आवाज त्याच्या वडिलांचा होता, माइकवाल्या संपतचा.

संपत गेला तेव्हा आदेश तेरा वर्षांचा होता. चेहरा फोटोत राहिला. आवाज कुठंच राहिला नाही. यात्रेचं शूटिंग करणाऱ्यानं त्याच कॅसेटांवर पुढं लोकांची लग्नं चढवली. गेल्या वर्षी लेकीनं, समृद्धीनं, विचारलं, "आजोबा कसे बोलायचे?" आदेशनं तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, आपल्यालाही आठवत नाही.

"एकीच्या बदल्यात दहा सीड्या देतो, काका. चकचकीत."

"बारा. आन् दोरी तुझी." सौदा पदरात पडल्यावर सोमाजी मोकळा झाला. "तुझ्या बापानं आवाज मातूर लई ग्वाड दिलाय हां त्यात. शर्यतीच्या घाटावर गडी दोन-चारदा अडखळायचाच. सीडीत एकदा बी न्हाई."

"सरांनी परत परत घेतलं असेल."

"आसंल बाबा."

घरी प्रयागबाईंनी सीडीकडं पाहिलं आणि पुन्हा तांदळात मान घातली. आदेशची आई मोजकं बोलायची. आवाज असा भरडा, की गॅसवाला फोनवर त्यांना 'दादा' म्हणे, आणि त्याही खुशाल 'हां, बोल' म्हणत. संपत होता तोवर घरातलं बोलणं सगळं त्याच्याकडं होतं. फक्त मेअखेरीस यात्रा उरकल्या, की महिना-दीड महिना त्याचा घसा बसे. मग तो खुणा करी आणि दारात आलेल्या माणसाला बाई उत्तरं देत.

"सोड की आता," त्या म्हणाल्या. "गेल्यालं मानूस सीडीतनं येत न्हाई."

"आवाज येतो, आई."

"येऊन काय करनार हाय त्यो?"

आदेशनं ते बोलणं दुःखाच्या खात्यावर मांडलं आणि कामाला लागला.

सीडीच्या खालच्या बाजूचा ओरखडा घासून काढता येतो. वरचा चांदीसारखा थर उडाला, की तिथलं गेलं ते गेलंच. सोमाजीची धरून त्याच्याकडं या गेमच्या चार सीड्या झाल्या. एकीवर कुणी वर्षभर चहाचा पेला ठेवला होता, एक पोरांच्या खेळण्यातलं चाक होऊन आली होती. मऊ फडक्यानं, मधून कडेकडं सरळ घासत त्यानं त्या पुसल्या. मशीन एकेक जागा ऐंशी-ऐंशी वेळा वाचायचं. एकीत नाही ते दुसरीतून घ्यायचं, दुसरीत नाही ते तिसरीतून. बायको म्हणाली, "एवढं आमाला कदी निरखून बगितलं न्हाई." त्यानं मान वर केली नाही. पाच महिने असे गेले.

आवाज आला, पण त्यात मधूनमधून एक बारीक किणकिण होती. चारही सीड्यांवर, त्याच त्या जागी. ओरखडे असे एकसारखे पडत नाहीत, तेव्हा सरांचा माइकच स्वस्तातला असणार, असं त्यानं ठरवलं. ती पुसून टाकता आली असती. पण जपायचं ते खोडीसकट, हा त्याचा नियम होता.

शेवटी चार सेकंद तेवढे राहिले. बारी संपतानाचे. ते कडेला होते आणि कडेचा थर चौघींचाही उडाला होता. ते शब्द विचारत आदेश पार तळेघरपर्यंत हिंडला. आवाज सगळ्यांना आठवत होता, शब्द कुणालाच नाही.

रविवारी दुपारी त्यानं समृद्धीला समोर बसवलं आणि गेम लावला. प्रयागबाई भिंतीशी सूप घेऊन बसल्या होत्या. उठून जातील असं त्याला वाटलं होतं. त्या उठल्या नाहीत.

"गाडा जुपला, घोडी सजली! सोड रं, सोड रं... सुटली! बघा पावणं, धुळीत सूर्य बुडाला, घाटानं दम धरला..."

आदेशनं आवाज वाढवला.

"बाबा, आजोबा अस्से बोलायचे?" समृद्धीनं विचारलं.

"अस्सेच," तो म्हणाला. "आता थोडं गप्प होईल. तेवढं नाही सापडलं कुणाकडं."

पडद्यावर बैल शेवटच्या चढाला लागले आणि स्पीकर मुका झाला.

"झाली, झाली, झाली! निशाण पडलं, कळंबकरांची बारी, सेकंद अकरा... भिर्रर्र!"

आवाजाला तोच चढ. तोच भरडा गोडवा. शेवटच्या अक्षराला लागूनच स्पीकर पुन्हा बोलू लागला, "टोप्या उडवा, राव, टोप्या!", आणि त्यात ती किणकिण वाजली.

आदेशनं वळून पाहिलं. सूप मांडीवर होतं. आईची मूठ माइक धरल्यासारखी तोंडाशी थांबलेली. तिनं ती झटकन खाली घेतली, पण बांगड्यांविना मोकळ्या मनगटावर या वेळी काही वाजलं नाही.