पहिल्या रांगेतला साक्षीदार

"काल भडकलात म्हणे!" मेकअप करणाऱ्या बाईंनी पावडरचा पफ हातात धरून, जरा लांबूनच विचारलं.

सकाळपासूनचा हा सहावा माणूस. अभिनेत्रीच्या ओठांवर सणसणीत उत्तर आलं होतं, ते तिने गिळलं. आज नुसता आवाज चढला असता तरी बातमी खरी ठरली असती.

बातमी पेपराच्या तिसऱ्या पानावर होती. 'चाहत्यावर भडकली! वाचनालयाचं उद्घाटन अर्धवट टाकून तरातरा निघून गेली.' घडलं होतं ते एवढंच. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या वडिलांची साखर उतरली आणि त्यांना गरगरायला लागलं. ती स्टेजवरून धावत खाली आली, तर एक जण मोबाइल उंचावून सेल्फीसाठी आडवा उभा. "बाजूला व्हा!" ती ओरडली. गर्दी हलली. तिने वडिलांना गाडीत बसवलं, ग्लुकोज पाजलं. चेहऱ्यावर रंग परत आल्यावर ते म्हणाले होते, "बरं झालं ओरडलीस. नाहीतर मी तिथेच कोसळलो असतो."

तरातरा म्हणे! वडिलांना कमरेला धरून ती पाऊल पाऊल चालत होती. मागे एकदा एका नटाने फोटोग्राफरची कॉलर धरली, तेव्हा याच पेपराने त्याला 'रोखठोक' म्हटलं होतं. ही मात्र शिंकली तरी भडकते. आणि लोकही असे, की तेवढा एकच शब्द उचलतात आणि दिवसभर तिलाच परत आणून देतात.

दुपारी निर्मात्याचा फोन आला. नव्या मालिकेत तिला डॉक्टरची भूमिका मिळाली होती. तीन वर्षं वाट पाहून मिळालेली.

"डॉक्टर शांत, मायाळू आहे हो," निर्माता चाचरत म्हणाला. "प्रेक्षकांना तुम्ही पटाल का, असं वरचे लोक विचारतायत. उद्या पेपरात खुलासा आला तर ठीक. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

तिने पेपराच्या कचेरीत फोन लावला. उपसंपादक गोड बोलला. "तिथे हजर असलेल्या कुणी सांगितलं, तर लगेच छापतो मॅडम."

तिचा जीव भांड्यात पडला. वडील होते की! सगळं त्यांच्यासमोर, त्यांच्यामुळेच घडलेलं. शिवाय तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. छापलंय म्हणून मान डोलावणाऱ्यातले ते नव्हेत. अजूनही हातात लाल पेन असल्याशिवाय ते पेपर उघडत नाहीत.

ती घरी पोचली तेव्हा त्यांचं तेच चाललं होतं. सकाळचा पेपर तिसऱ्यांदा वाचून होत होता. तिच्या बातमीत छपाईच्या दोन चुका सापडल्या होत्या, त्यांच्याभोवती लाल गोल होते. बाकीची बातमी त्यांनी तशीच ठेवली होती.

तिने उपसंपादकाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल वडिलांच्या हातात दिला.

"बाबा, काल काय झालं ते यांना सांगा. जसं झालं तसं."

लेकीची बाजू घ्यायची म्हणून वडील खुर्चीत ताठ बसले. त्यांनी घसा साफ केला.

"हे बघा साहेब, माझी मुलगी मनाने फार चांगली आहे," ते कळकळीने म्हणाले. "मला चक्कर आली तर तिनेच सावरलं. गाडीत नेलं, ग्लुकोज पाजलं."

ती हाताने खुणावत राहिली. हां, पुढे सांगा, पुढे.

"आणि चक्कर का आली, तेही लिहा. चारचौघांत तिला एवढं भडकलेलं मी कधी बघितलं नव्हतं हो. ते बघूनच तर मला गरगरायला लागलं!"