नऊ वेळा दाबलेलं बटण

वारंगा फाट्यावरच्या खोलीत बसून शिवकन्या तीन किलोमीटरवरच्या तांड्याच्या विहिरीतला पंप कॉम्प्युटरवरून चालवायची. नेटवरून विहिरीकडचं उत्तर येईस्तोवर स्क्रीन गोठून जायची, अन् तेवढ्यात जे दाबलं ते मागून एकेक करून चालायचं. असला दळभद्री प्रोग्राम! ठेकेदाराला सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. आजही स्क्रीन गोठली, तशी संतापून तिने ‘चालू’चं बटण नऊ वेळा हाणलं.

तेवढ्यात तांड्यावर विहीर-पंप सांभाळणाऱ्या फुलसिंगकाकांचा मोबाइलवर फोन आला. “पोरी, पंपात गाळ अडकला. मी विहिरीत उतरलो. चालू करू नको.”

दाबलेलं परत घेता येईना. “मर मेल्या!” असं कॉम्प्युटरवर खेकसत तिने नेटची वायरच उपटली.

स्क्रीन हलली. बटण आपोआप दबत गेलं. एक, दोन, तीन... नऊ. दबू दे! वायर तिच्या मुठीत होती.

“काका, आता भेव न्हाई. मी वायरच काढली.”

फोनमधून काकांचा विहिरीत घुमणारा आवाज आला.

“शिवकन्या, तू वर काठावर कवा आली? अन् एवढी चिडली काहून? पंपाच्या स्टार्टरवरचा हात काढ, पोरी!”