पेंटरकाकांचा तास

डिझाइन कॉलेजात हाताने अक्षरं काढायला शिकवणाऱ्या पेंटरकाकांना प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"काका, पुढच्या महिन्यापासून तुमचा तास बंद. त्या वेळात मुलांनाच कॉम्प्युटर हवाय."

काका हसले. "साहेब, तुम्हाला मी नको असेन तर तसं तोंडावर सांगा. पोरांच्या नावावर बिल कशाला फाडता? कालच तर म्हणत होती, काका, तुमच्या तासाशिवाय करमत नाही."

प्राचार्यांनी मुलांचा अर्ज पुढे सरकवला. खाली अख्ख्या वर्गाच्या सह्या होत्या. काकांनी चष्मा लावला.



अर्ज त्यांनीच शिकवलेल्या वळणात, बोरूने लिहिला होता. आणि वर्षभरात पहिल्यांदाच काकांना एकाही अक्षरात चूक सापडली नाही.