खरखर थांबल्यावर

"हा आवाज तुमच्या कानांतल्या आवाजाशी जुळतो का, काका?" कानांच्या दवाखान्यातल्या मुलीनं बटण फिरवत विचारलं.

"हीच ती हडळ!" विसूभाऊ ओरडले. तांब्याचे हंडे ठोकता ठोकता कानांत शिरलेली ती बारीक शिट्टी रात्रंदिवस वाजत होती.

मुलीनं शिट्टीवर जोराची खरखर सोडली, मिनिटभरानं बंद केली आणि त्यांच्या कानांवरचे हेडफोन काढले. विसूभाऊ थिजले. कानांत काहीच वाजत नव्हतं. शेजारी बायकोच्या बांगड्या हलल्या, त्याही ऐकू आल्या.

"अहो, थांबली का?"

त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. तेवढ्यात लांबून शिट्टी आली आणि पुन्हा ठाण मांडून बसली.

"थोडाच वेळ थांबते," मुलगी म्हणाली. "पण बरं वाटलं ना?"

"शांतता कशी असते ते विसरलो होतो, पोरी. तेच बरं होतं."