जन्मदाते की दत्तक घेणारे?

“आमच्यात कुणी बहिरं नाही, लिही तसं,” दिवाणावर निहिराला खेळवत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

अकरा महिन्यांच्या निहिराला ऐकू येत नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी तीन पिढ्यांची वंशावळ मागितली होती. गरोदरपणी घेतलेल्या सर्दीच्या गोळीला आतल्या आत दोष देत आलेली प्राची दमल्या बोटांनी संगणकावर सासरची नावं भरत होती. सासऱ्यांच्या नावापुढे सॉफ्टवेअरने विचारलेलं तिने वाचून दाखवलं, “हे आईवडील जन्मदाते की दत्तक घेणारे?”

“दत्तक. काकांनी घेतलं ह्यांना. ते घर तेव्हाच सुटलं, ते कशाला लिहायचं?”

“डॉक्टरांना रक्ताचं नातं हवंय, आई. तिकडे कोण कोण होतं?”

“दोन भाऊ. आणि बहीण, केसर.” सासूबाई अडखळल्या. “तिला ऐकू यायचं नाही गं. पण ती त्या घरची.”

प्राचीने केसरची चौकट सासऱ्यांच्या शेजारी जोडली, आणि कितीतरी महिन्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

“मग हाक कशी मारायचे तिला?”

सासूबाईंनी दिवाणावर हलकेच थाप मारली. हादरा जाणवताच पाठमोऱ्या निहिराने वळून पाहिलं.