सत्त्याण्णव चौरस मैल

छापखान्यातून आलेली नकाशाची गुंडाळी दिवाकरने टेबलावर उलगडली आणि त्याला लगेच कळलं, हा आपला नकाशा नव्हे. त्याने आखलेल्या अक्षांशांच्या रेघा किंचित वाकलेल्या होत्या. या सरळ होत्या, आणि वर ग्वाल्हेरकडे जाता जाता एकमेकींपासून लांब सरकत गेल्या होत्या.

म्हणजे प्रोजेक्शन बदललं होतं. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवायची तर कुठेतरी ताणावीच लागते. कुठे ताणायची हे ठरवण्यात नकाशानविसाची सगळी अक्कल. जंगलाच्या नकाशात आकार थोडा बिघडला तरी चालेल, क्षेत्रफळाला धक्का लागता कामा नये. हे त्याला सोळा वर्षांपूर्वी, होळकरांच्या अमलात, कचेरीतले त्याचे वरिष्ठ नानासाहेब यांनीच शिकवलं होतं. आता मध्यभारत राज्य होऊन पाच वर्षं झाली, तरी दोघे छत्रीबागेतल्या आपापल्या घरून कचेरीत रोज बरोबर येत-जात.

खालची मोजपट्टीही ग्वाल्हेरच्या मापाने आखलेली होती. त्यामुळे दक्षिणेकडचं सगळंच आकसलं होतं. दिवाकरने चौकटी आखलेली काच मानपूरच्या जंगलाच्या हिरव्या पट्ट्यावर ठेवली. चौकट अर्ध्याहून जास्त भरली तर धरायची, कमी भरली तर सोडायची. तीनदा मोजलं. सत्त्याण्णव चौरस मैल. त्याच्या स्वतःच्या नकाशावर एकशे तीन होते. आणि शंभर चौरस मैलांच्या आतलं जंगल राखीव होणार नव्हतं, तोडीला जाणार होतं.

कोपऱ्यात नाव मात्र त्याचंच होतं.

शेजारच्या टेबलाशी नानासाहेब पान लावत बसले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "मोजलंस?"

"कोणी बदललं हे?"

"मीच नव्याने आखला. अरे भिया, मर्केटर प्रोजेक्शनचा आहे तो. दिशा बघ, एकदम सही! खोटं कुठे आहे त्यात?"

"दिशा जहाजांना लागतात, नानासाहेब. मानपूरला कुठलं जहाज येणार आहे?"

नानासाहेबांनी बोटाचा चुना पुसला. "लाकडाचे ठेकेदार आहेत ना, उदयसिंहजी, त्यांचं वरपर्यंत चालतं. माझी बढतीची ऑर्डर आली काल. कॉप्या गेल्या सगळ्या ग्वाल्हेरला. अब छोड़."

"मग नाव तुमचं टाकायचं होतं."

"माझं टाकलं असतं तर कोणीतरी मोजून पाहिलं असतं," नानासाहेब शांतपणे म्हणाले. "दिवाकरचा नकाशा कोणी मोजत नाही. बरोबरच असतो, माहीत आहे सगळ्यांना."

दिवाकरला रडू फुटेलसं वाटलं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. या माणसाने त्याचा गळा कापला होता आणि वर हाच त्याचं कौतुक करत होता.

पाच वाजता नानासाहेब रोजच्यासारखे छत्री घेऊन फाटकाशी थांबले.

"चल. सोळा वर्षांचं काही धरशील की नाही?"

"चौकट अर्ध्याहून कमी भरली," दिवाकर म्हणाला, "तर सोडायची."

आणि तो पलासियाच्या रस्त्याला लागला. घर उलट्या दिशेला होतं.