वरून चौथा कप्पा

"ही इलॅस्टिकची चादर जगात कुणाला घडी घालता येत असेल, तर मी तिचे पाय धरीन," असं म्हणत वहिनीने चादरीचा बोळा खाली नणंदेकडे फेकला. नणंदेने कोपऱ्यात कोपरा खुपसला, दोनदा झटका दिला आणि वहीएवढी चौकोनी घडी वर तिच्या हातात दिली.

"जादू आहे हो ताई तुमच्या हातात!"

"जादू कसली! तीस वर्षं हॉस्पिटलच्या कोठीत चादरींच्या घड्याच तर घातल्या."

सकाळपासून दोघींनी कपाटं उपसायला घेतली होती. नवरा आणि मुलगा पायात नकोत म्हणून त्यांना बाहेर पिटाळलं होतं. वहिनी डोक्याला फडकं बांधून स्टुलावर, आणि नणंद खाली कपड्यांच्या ढिगात. वहिनीला वाया गेलेली जागा बघवत नसे. पलंगाखालची, बेसिनखालची, अगदी जिन्याच्या दारामागची वीतभर जागासुद्धा तिने कामाला लावली होती. प्रत्येक कप्प्यावर कागदाची पट्टी: 'चादरी', 'शाळा', 'औषधं', 'पाहुणे आल्यावर'.

दुपारी आक्रीत घडलं. नणंदेच्या घड्यांनी इतकी जागा वाचली, की मोठ्या कपाटातला वरून चौथा कप्पा चक्क रिकामा उरला.

"ताई, बघा तरी! अख्खा कप्पा!" वहिनी हरखून गेली होती. "आता काय बरं ठेवावं इथे?"

नणंदेचे हात थांबले. तिने वर पाहिलं.

"काय ठेवतेस?"

वहिनीने क्षणभर विचार केला आणि चुटकी वाजवली. "खोकी!"

कुणाला कशाचा सोस असतो, वहिनीला रिकाम्या खोक्यांचा होता. मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं, पंख्याचं. वस्तू बिघडून भंगारात गेली तरी खोकं घरातच राहायचं, न जाणो कधी लागलं तर. आजवर ती बिचारी पलंगाखाली धूळ खात पडली होती. नणंदेने एकेक खोकं पुसून वर दिलं, वहिनीने एकात एक बसवलं, आणि पट्टीवर ठसठशीत अक्षरांत 'खोकी' लिहून ती चिकटवली.

"छान बसली," नणंद म्हणाली. मग जुन्या कागदांचा गठ्ठा उचलून ती खाली टाकायला गेली.

आता उरली फक्त दोन जाड पांघरुणं. वहिनीने चौफेर नजर फिरवली. बाहेरच्या खोलीत दारामागे नणंदेची मोठी बॅग उभी होती. सात महिन्यांपूर्वी भाड्याची खोली सोडावी लागली आणि नणंद इथे राहायला आली, तेव्हापासून ती तिथेच होती. रिकामी बॅग म्हणजे फुकटची जागा! पांघरुणं हिच्यात गेली की काम फत्ते. वहिनीने बॅग ओढली. जरा जड लागली, पण तिचा उत्साह त्याहून दांडगा होता. तिने चेन उघडली.

बॅग रिकामी नव्हती. सगळे कपडे तिच्यातच होते, सुईला शिरायला जागा नाही असे रचलेले. कडेला चपला, कागदात गुंडाळलेल्या. औषधांची पिशवी. दात घासायचा ब्रश, प्लॅस्टिकच्या डबीत. आणि एका पिशवीत सकाळचा टॉवेल, अजून ओलसर.

वहिनी बॅगेशेजारी खालीच बसली.

"दोन दिवसांत तुम्हाला कप्पा रिकामा करून देते हं, ताई." हे तीच म्हणाली होती, पहिल्या दिवशी, याच खोलीत. नंतर शाळा, ऑफिस, पाहुणे, आणि ते जे राहिलं ते राहिलंच. नणंदेचे कपडे जातात कुठे, हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. न्हाणीघरातला ब्रशांचा स्टँड तिनेच हौसेने आणला होता, तीन भोकांचा. आणि मघाशी ती खोकी पुसून कुणी दिली, हे आठवलं तेव्हा तिला तोंड लपवायला जागा पुरेना.

ती ताडकन उठली. खोकी भराभर खाली ओढली, पट्टी टरकावली. नणंदेच्या घड्या न विसकटता एकेक गठ्ठा कप्प्यात ठेवला. शेवटचा गठ्ठा ठेवत असतानाच नणंद धापा टाकत दारात आली.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"ताई, हा कप्पा तुमचा. माझं चुकलं. साफ विसरले मी. पण तुम्ही एका शब्दाने तरी बोलायचं होतं!"

"तुमचंच मावत नव्हतं गं. त्यात माझी कुठे भर घालू?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण नणंद अगदी सहज म्हणाली होती. तिने कप्प्याच्या कडेवरून एकदा हात फिरवला, एक घडी उगीचच सरळ केली आणि डोळ्यांना पदर लावावा तशी बाही लावली. आता सगळंच एकदम निस्तरून टाकायचं, या घाईत वहिनीने रिकामी बॅग उचलली, स्टुलावर चढली आणि माळ्याचं दार उघडलं.

"ही धोंड जाऊ दे एकदाची वर."

नणंद लगबगीने पुढे आली. वहिनीचा तोल जाऊ नये म्हणून तिने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"माळ्यावर नको टाकूस गं," ती म्हणाली. "खालीच असू दे. लागली, तर काढायला तुलाच पुन्हा चढावं लागेल."